बारा बार ब्लूज: शेवटच्या दोन बारमध्ये दरवेळी माझाच पोपट का होतो?

मधलीतार

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मी बेस गिटार घेतली. (बायकोचा पहिला प्रश्न: दोन तारा कमी आहेत म्हणून स्वस्तात मिळाली का?) आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत वाजवतो. सगळे नोकरदार, सगळे चाळिशीपुढचे. सध्या ब्लूज या अमेरिकी संगीताचं वेड लागलंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बारा बारचं एक आवर्तन असतं आणि एका बारमध्ये चार ठोके. 'ए' पट्टी धरली तर पहिले चार बार ए कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे सूर), मग दोन बार डी, परत दोन बार ए, मग एक बार ई, एक बार डी, आणि उरले दोन. अकरावा नि बारावा. यांना टर्नअराउंड म्हणतात. इथून वळून पुन्हा पहिल्या बारवर यायचं.

या दोन बारमध्ये मी जे वाजवतो ते अगदी सरधोपट आहे. अकराव्या बारच्या चार ठोक्यांना ए, सी शार्प, डी, डी शार्प, आणि बाराव्याच्या पहिल्या ठोक्याला ई. घरी ड्रम मशीनबरोबर झकास लागतं. बँडमध्ये मात्र अकराव्या बारच्या शेवटच्या ठोक्याला कायतरी खरखरतं. कुकरच्या झाकणावर चमचा घासावा तसं. सगळे माझ्याकडे बघतात.

आमच्या गिटारवाल्याचं म्हणणं, तो वरून खाली येतो (ए, जी, एफ शार्प, एफ, ई) आणि मी खालून वर जातो, म्हणून जिन्यात धडक होते. मी त्याच्याबरोबर खाली उतरावं असा त्याचा आग्रह आहे. माझं म्हणणं, बेसने कुणाच्या मागे का जावं?

तर प्रश्न दोन. कुणी कुणाचं ऐकायचं? आणि ईवर पोचल्यावर उरलेल्या बाराव्या बारात काय करायचं? आमचा तो बार दरवेळी फुसकाच निघतो.

---

नुसतीवाचक

शीर्षकातलं 'बारा बार' वाचून वाटलं, कुणीतरी एका रात्रीत फिरून आलंय आणि आता वर्णन लिहितंय.

---

कांदेपोहे

मलाही तेच वाटलं. वाचनखूण साठवणार होतो.

---

ठेकेदार

बारा म्हणजे एकताल. शेवटी पलटून समेवर यायचं म्हणजे तिहाई, तोच तुकडा तीनदा वाजवून. आपल्याकडे हे कधीपासून आहे. विषय संपला.

---

शिकागोचावारा

ठेकेदार, एवढ्यात संपवू नका हो, आत्ता तर सुरू झालाय.

एकतालात बारा मात्रा. इथे बारा बार, प्रत्येकात चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एक आवर्तन चोवीस सेकंदांचं, त्यातला टर्नअराउंड जेमतेम चार सेकंद. आणि दुसरं, तिहाई समेवर येऊन *संपते*. तिचा शेवटचा 'धा' हीच सम. टर्नअराउंड समेच्या आधी पाचव्या सुरावर जाऊन लटकतो. तिथे काहीच संपलेलं नसतं. पाय उचललाय, अजून टेकला नाही, अशी अवस्था. समेला टेकायचं काम पुढच्या आवर्तनाचं. त्यामुळे जोडी लावायचीच असेल तर तबल्यातला मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा छोटा तुकडा, जवळचा वाटतो.

मधलीतार, तुमच्या प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो. इथे आत्ता ऑफिसची वेळ आहे.

---

ठेकेदार

मुखडा. हां. हे पटलं. तिहाई मागे घेतो.

---

कांदेपोहे

या संस्थळावर कुणी विधान मागे घेतल्याचं प्रथमच पाहतोय. दंडवत.

---

गिटारग्रस्त

तुमच्या गिटारवाल्याच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. ती उतरती ओळ ब्लूजचा जीव आहे. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ ला सॅन अँटोनिओत आणि १९३७ ला डॅलसमध्ये मिळून फक्त २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, पण त्यातले टर्नअराउंड आजही प्रत्येक गिटारवाला पहिल्या सहा महिन्यांत शिकतो. बेस तीच ओळ खालच्या सप्तकात वाजवत असेल तर जे वजन येतं ते दुसऱ्या कशाने येत नाही. बेसवाल्यांना स्वतःची ओळ सुचल्याशिवाय चैन पडत नाही, हे खरं दुखणं.

---

बेसूर

गिटारग्रस्त, रॉबर्ट जॉन्सनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तो एकटा बसून वाजवायचा. अंगठ्याने खालच्या तारा आणि बोटांनी वरच्या, म्हणजे बेस आणि गिटार दोन्ही कामं एका हातात. फेंडरची बेस गिटार बाजारात आली १९५१ मध्ये. एका माणसाच्या हातात होतं ते आपण पाच जणांत वाटून घेतलंय. मग वाटणीवरून भांडणं होणारच. सातबाऱ्यावर पाच नावं लागल्यासारखं आहे ते.

आता मुद्दा. वर जाणं आणि खाली येणं याने धडक होत नाही. कागदावर मांडून बघा:

पहिला ठोका: दोघेही ए.
दुसरा: गिटार जी, बेस सी शार्प. दोन्ही ए सेव्हन कॉर्डचेच सूर.
तिसरा: गिटार एफ शार्प, बेस डी. सरळ डी मेजर कॉर्डचे सूर.
चौथा: गिटार एफ, बेस डी शार्प.
बाराव्याचा पहिला: दोघेही ई.

चौथा ठोका बघा. ईच्या एका अंगाला अर्ध्या सुरावर एफ, दुसऱ्या अंगाला अर्ध्या सुरावर डी शार्प, आणि दोघे एकदमच मधल्या ईवर येतात. चिमटा मिटावा तसं. त्या ठोक्याला ताण आहे, पण तो हवाहवासा ताण आहे. खरखर नाही. तेव्हा तुमच्या खरखरीचं कारण दुसरीकडे कुठेतरी आहे. मला संशय आहे, पण आधी सांगा, बँडमध्ये आणखी कोण कोण आहे?

---

ठेकेदार

बेसूर यांनी लिहिलेलं सरगमात करून पाहिलं, पेटी काढून. बेसचे सूर: सा ग म, तीव्र म, प. गिटारचे: सा, कोमल नि, ध, कोमल ध, प. खरंच सुंदर मिटतं ते.

रच्याकने, दोन मध्यम लागोपाठ आले की आम्हाला ललत आठवतो. पण ललतात पंचम वर्ज्य, आणि तुम्ही तर पंचमावरच मुक्काम ठोकताय.

---

नुसतीवाचक

मला यातलं काही कळत नाही, पण सातबाऱ्याचं कळलं.

---

पेटीमास्तर

मीही तेच विचारणार होतो. बँडमध्ये कीबोर्ड आहे का? असेल तर तो त्या दोन बारमध्ये काय वाजवतो?

---

मधलीतार

आहे ना. आम्ही पाच म्हणजे गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड आणि गाणारी ताई. कीबोर्डवाला मित्र लहानपणापासून भजनात पेटी वाजवतो, हात तयार आहे. त्याला विचारून आलो आत्ता व्हॉट्सॅपवर. तो दोन-दोन ठोके अशा कॉर्ड वाजवतो: ए, डी, ए, ई. म्हणजे अकराव्यात ए आणि डी, बाराव्यात ए आणि ई. उजव्या हाताने कॉर्ड, डाव्या हाताने खाली रूट, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर. सूर लांबवणारं पेडल दाबलेलं.

---

बेसूर

सापडला चोर.

अकराव्या बारच्या तिसऱ्या ठोक्याला तुम्ही डी, तोही डी. छान. चौथ्याला तुम्ही डी शार्पवर गेलात आणि त्याच्या डाव्या हाताखाली डी अजून वाजतोच आहे, पेडलसकट. ए तारेच्या पाचव्या पडद्यावरचा (फ्रेटवरचा) डी म्हणजे साधारण ७३ हर्ट्झ, सहाव्यावरचा डी शार्प साधारण ७८. तो त्याच सप्तकात असेल तर दोन सुरांत चार-साडेचार हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला तेवढे हेलकावे. हेच दोन सूर दोन सप्तकं वर वाजवले तर जरा तिखट लागतील इतकंच. एवढ्या खालच्या अंगाला मात्र चिखल होतो. चमचा घासल्यासारखं वाटतं ते त्यांच्या वरच्या पडसुरांचं, म्हणजे मूळ सुराबरोबर आपोआप उमटणाऱ्या सुरांचं, घर्षण.

गिटारवाल्याची माफी मागायची गरज नाही, पण त्याला दोषही देऊ नका. तो बिचारा जिन्यातून आपल्या वाटेने उतरतोय.

---

पेटीमास्तर

वाटलंच. फिरून फिरून कीबोर्डवाल्यावर.

पण खरं सांगायचं तर यात तथ्य आहे. मी वीस वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं. पहिल्या वर्षी बेसवाल्याने माझ्या डाव्या हाताला रुमालाने स्टँडला बांधलं होतं. चेष्टेत, पण पूर्ण पहिलं गाणं तसंच वाजवायला लावलं. पेटी वाजवणाऱ्याची सवय अशी की सगळा पाया आपणच भरायचा, कारण भजनात दुसरं कोण असतं? बँडमध्ये खालचं घर बेसचं. डावा हात मांडीवर. फार तर मधल्या सप्तकात दोन सूर धरायचे, कॉर्डचा तिसरा आणि सातवा. डी सेव्हन असेल तर एफ शार्प आणि सी. रूट धरायचाच नाही.

आणि पेडल सोडायला सांगा. निम्मी घाण पेडलची असते.

---

शिकागोचावारा

वेळ मिळाला. चोर सापडला असला तरी दुसरा प्रश्न शिल्लक आहे, बाराव्या बारचा.

इथे एका उपनगरात बुधवारी रात्री जॅम असतो. कुणीही यायचं, नाव लिहायचं, पाळी आली की चढायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी घरून चार वेगवेगळे टर्नअराउंड बसवून गेलो होतो. पहिल्या आवर्तनात चढता वाजवला, दुसऱ्यात उतरता, तिसऱ्यात जॅझवाले करतात तसा वन, सिक्स, टू, फाइव्ह (पट्टीतल्या पहिल्या, सहाव्या, दुसऱ्या, पाचव्या सुरावरच्या कॉर्ड). खाली उतरल्यावर सत्तरीचे एक ड्रमर आजोबा जवळ आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, तू चार प्रकार वाजवलेस, पण मला एकदाही कळलं नाही की 'वन', म्हणजे पुढच्या आवर्तनाचा पहिला ठोका, कुठे येणार आहे.

तेव्हा लक्षात आलं की टर्नअराउंड ही बेसवाल्याची हौस भागवायची जागाच नाही. गाणाऱ्याला पुढची ओळ कधी उचलायची ते त्यावरून कळतं, ड्रमरला फिल (मधली जागा भरणारा तुकडा) कुठे मिटवायचा ते कळतं. दरवेळी नवी पाटी लावली तर लोक रस्ता चुकणार. आता मी एका गाण्यात एकच टर्नअराउंड ठेवतो. बाराव्या बारात ई, ई, एफ शार्प, जी शार्प, आणि मग पहिल्या बारचा ए. तो शेवटचा जी शार्प म्हणजे दारावरची कडी वाजवणं. ड्रमर त्या बारात मोठा फिल घेणारा असेल तर तेही नाही. एक ई वाजवून गप्प. दोघेही एकदम बोलायला लागले की गाणारा बिचकतो.

अजून एक पोपट सांगतो. गाण्याच्या शेवटी गायिकेने मूठ वर केली. इथे मूठ म्हणजे 'हे शेवटचं', हे मला ठाऊक नव्हतं. अख्खा बँड बाराव्या बारात बी फ्लॅटवरून घसरत एवर येऊन थांबला. मी एकटा ईवर. तो ई सगळ्या हॉलमध्ये घुमत राहिला. शेवटी मीच हाताने तार दाबली.

---

कांदेपोहे

हहपुवा. मूठ वर केली आणि यांना वाटलं जयजयकार चाललाय.

---

खवचट

एवढा काथ्याकूट कशासाठी? ब्लूजवाल्या जॉन ली हूकरची कितीतरी गाणी एकाच कॉर्डवर चालतात. टर्नअराउंड नाही, बारा बार नाहीत. त्याला वाटेल तेव्हा बदलायचा, वाटेल तितके बार घ्यायचा. ब्लूज हा काय सरकारी फॉर्म आहे का, बारा रकाने भरा म्हणून?

---

बेसूर

खवचट, मान्य. पण त्याच्या मागे बेस वाजवणाऱ्याचे हाल विचारा कधीतरी. एकट्याने वाजवताना साडेअकरा बार घेतले तरी चालतात. पाच जणांनी गच्चीवर घेतले तर पाच वेगवेगळ्या ठिकाणी पहिला बार येतो, आणि मग सगळे बेसवाल्याकडेच बघतात.

---

मांडवीकाठ

वाचतोय. छान चाललाय धागा.

माझे थोरले काका डबल बास वाजवायचे. आमच्याकडच्या पुष्कळ लोकांसारखे मुंबईला गेले, रात्री हॉटेलातल्या बँडमध्ये आणि दिवसा मिळेल तेव्हा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) घोटलेलं, त्यामुळे समोर कागद आला की वाजवून मोकळे. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा मी कॉलेजात होतो आणि नवीकोरी बेस गिटार घेऊन भयंकर जोरात होतो.

काकांनी मला ब्लूज शिकवताना पहिलं काय केलं, तर बाराव्या बारात एकच सूर वाजवायची परवानगी दिली. पहिल्या ठोक्याला फाइव्ह, म्हणजे पाचवा सूर. मग डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, म्हणजे सूर मिटतो. उरलेले तीन ठोके शांत. मी चौथ्या ठोक्याला हमखास काहीतरी घुसडायचो. ते आरामखुर्चीतून, डोळे मिटलेले, म्हणायचे, "कित्याक धांवता रे?" तीन महिने हेच. त्यांच्या हातात काड्यापेटी असायची, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला ती खुर्चीच्या हातावर आपटायचे. ती काड्यापेटी मला अजून ऐकू येते, वाजवताना.

तीन महिन्यांनी एकदा म्हणाले, आता चौथ्या ठोक्याला काय हवं ते वाजव. आणि गंमत म्हणजे मला काही वाजवावंसंच वाटेना.

---

नुसतीवाचक

मांडवीकाठ, काकांवर स्वतंत्र लेख लिहा. ही विनंती नाही.

---

ठेकेदार

+१. काड्यापेटीसाठी तरी लिहाच.

---

डोंबिवलीफास्ट

थोडं अवांतर. मला कुणी सांगेल का, लोकलमध्ये बेस कशी न्यायची? खांद्याला लावली तर मान मागच्या माणसाच्या नाकात जाते. परवा एका काकांनी विचारलं, यात बंदूक आहे का? म्हटलं बेस आहे. ते म्हणाले, बस, बस, जागा आहे.

---

कांदेपोहे

लगेजच्या डब्यातून जा. तिथे मासळीच्या टोपल्या आणि तुमचा फेंडर सुखाने नांदतील.

---

बेसूर

तीस इंची छोट्या मापाची घ्या, नेहमीची चौतीस इंची असते. चार इंचांत एक नाक वाचतं.

---

चौथाबोट

मी नवीन आहे, दोन शंका. मधलीतार यांची ओळ नक्की कुठे वाजवायची? आणि आमची गायिका 'जी' या पट्टीत गाते, तर गिटारबरोबर खाली उतरायचं झालं तर?

---

बेसूर

चौथाबोट, नावाला जागा, कारण या ओळीत तेच लागतं. मधलं बोट ई तारेच्या पाचव्या पडद्यावर, हा ए. आता हात हलवायचाच नाही. ए तारेवर तर्जनी चौथ्या पडद्यावर सी शार्प, मधलं पाचव्यावर डी, अनामिका सहाव्यावर डी शार्प, करंगळी सातव्यावर ई. चार बोटं, चार पडदे. सुरुवातीला करंगळी रडते. रडू द्या. ही ओळ चढती असल्यामुळे कुठल्याही पट्टीत असाच साचा सरकवायचा, जीसाठी मधलं बोट तिसऱ्या पडद्यावर.

उतरताना मात्र अडचण आहे. एपासून ई तारेवरच खाली या: पाचवा, तिसरा, दुसरा, पहिला आणि मोकळी तार. मोकळी ई म्हणजे चार तारांच्या बेसवरचा सगळ्यात खालचा सूर, साधारण ४१ हर्ट्झ. खोली हलते. पण जीमध्ये ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरून निघालात तर एफ आणि ई मिळतील, पुढचे ई फ्लॅट आणि डी तुमच्या बेसवर नाहीतच. विहिरीचा तळ लागला. मग वरच्या जीपासून निघायचं, डी तारेचा पाचवा पडदा: पाचवा, तिसरा, दुसरा, पहिला, मोकळी डी. तोच नकाशा, दोन तारा वर.

म्हणून मला गिटारग्रस्त यांचा 'नेहमी गिटारबरोबर उतरा' हा हट्ट पटत नाही. 'ए'मध्ये भव्य वाटतं. 'जी'मध्ये तेवढं वजन राहत नाही.

---

गिटारग्रस्त

'नेहमी' मी म्हटलंच नव्हतं. वर जाऊन वाचा. पण ए आणि ईमध्ये उतराच, ही विनंती कायम.

---

बेसूर

ईमध्ये मोकळ्या ईपासून खाली कुठे उतरणार? पायाखाली जमीन आहे. ए तारेच्या सातव्या पडद्यावरून निघावं लागतं.

---

गिटारग्रस्त

पाच तारांचा बेस घ्या मग.

---

मधलीतार

घरी आधीच 'दोन तारा कमी'वर सेटलमेंट झालंय. आता एक वाढवली तर पुन्हा सगळी केस उघडेल.

---

चौथाबोट

धन्यवाद बेसूर. अजून एक. 'द थ्रिल इज गॉन' बसवतोय, त्यात हा टर्नअराउंड बसवून पाहिला तर अगदी विचित्र लागतो. का?

---

शिकागोचावारा

कारण ते मायनर आहे, म्हणजे कोमल गंधाराचं. बी मायनरमधलं गाणं, आणि त्याची खरी वळणाची जागा आधीच येऊन गेलेली असते. नवव्या बारात जी, दहाव्यात एफ शार्प सेव्हन, आणि अकराव्यात थेट घरी बी मायनर. फाइव्हचा ताण दहाव्यातच वापरून झालाय. त्यानंतर तुम्ही सा, *शुद्ध* ग अशी चढण लावली की मायनर गाण्यात मेजरचा गंधार घुसतो. लग्नात तेराव्याचं जेवण वाढल्यासारखं, किंवा उलट. बी. बी. किंगच्या १९६९ च्या त्या ध्वनिमुद्रणात बेस जेरी जेमॉटचा आहे. गाणारा बाजूला ठेवून फक्त तेवढा बेस एकदा ऐका.

आणि आता बेसवाल्यांचा विषय निघालाच आहे तर, शिकागोत कधी आलात तर २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू या पत्त्यावर जा. चेस रेकॉर्ड्स या ब्लूजच्या रेकॉर्ड कंपनीची जुनी इमारत. आता तिथे विली डिक्सनच्या नावाची ब्लूज हेवन संस्था आहे. डिक्सन चेसचा गीतकार आणि डबल बासवाला. तरुणपणी मुष्टियोद्धा होता, १९३७ मध्ये इलिनॉय गोल्डन ग्लोव्हजची हेवीवेट स्पर्धा जिंकलेला. मी गेलो तेव्हा त्या खोलीत उभा राहिलो आणि पहिला विचार आला की याच्या डाव्या हाताखाली ढवळाढवळ करायची कुठल्या पियानोवाल्याची टाप असेल?

---

पेटीमास्तर

झालं. परत आम्हीच.

---

खवचट

मुष्टियोद्धा बेसवाला असेल तर टर्नअराउंड कुणी ठरवायचा हा प्रश्नच येत नाही. मधलीतार, जिम लावा.

---

वांद्र्याचाबाक

मेहबूब स्टुडिओत २०११ ला पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला तेव्हा बडी गाय या गिटारवाल्याला ऐकायला गेलो होतो. तेव्हा मला बेस म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. आता हा धागा वाचून वाटतंय, त्या रात्री मी चुकीच्या माणसाकडे बघत होतो.

---

मधलीतार

मंडळी, कालच्या रविवारचा वृत्तांत.

कीबोर्डवाल्या मित्राला पेटीमास्तरांचा प्रतिसाद वाचायला दिला. रुमालाचा भाग वाचून हसला, आणि स्वतःहून डावा हात मांडीखाली घेऊन बसला. पेडलवरून पाय काढला. आम्ही आधी ठरवून फक्त नवव्या बारापासून वाजवलं, नववा ते बारावा, पुन्हा नववा ते बारावा, दहा-बारा वेळा. खरखर गेली. पहिल्याच फेरीत. गिटारचा एफ आणि माझा डी शार्प ईवर मिटताना इतका गोड लागला की गाणारी ताई गायची सोडून "परत, परत" म्हणाली.

गिटारवाल्याचं म्हणणं, "बघ, मी सांगत होतो ना." काय सांगत होता ते विचारलं नाही.

मग बाराव्या बारात मांडवीकाठ यांच्या काकांचा प्रयोग केला. एक ई आणि गप्प. पहिल्या आवर्तनाला ड्रमर दचकून थांबला, त्याला वाटलं माझी केबल सुटली. तिसऱ्या आवर्तनाला ताईने त्या मोकळ्या जागेत पुढची ओळ अर्धा ठोका आधीच उचलली, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या आवर्तनाला माझा हात सवयीने गेलाच चौथ्या ठोक्याला जी शार्पवर. ड्रमरने काठी माझ्याकडे रोखली. त्याला काड्यापेटीची गोष्ट मी सांगून ठेवली होती, ही माझीच चूक.

पण गाडी आता शेवटावर अडकलीय. गाणं संपवताना दोघे ईवर, तिघे एवर. शिकागोचावारा म्हणतात ती मूठ कुणी दाखवायची? ताई म्हणते तिच्या हातात माइक आहे, गिटारवाला म्हणतो त्याचे दोन्ही हात गुंतलेत.

---

मांडवीकाठ

तीन महिने म्हणाले होते काका. तुमचा एकच रविवार झालाय.

---

पेटीमास्तर

मूठ कीबोर्डवाल्याने दाखवावी. त्याचा डावा हात मोकळाच आहे आता.

---

नुसतीवाचक

शेवटासाठी वेगळा धागा काढा. आणि शीर्षकात 'बार' घालू नका, पुन्हा आशा लागते.